सहा वर्षांनी पुन्हा होडीत: सांगली ते देवबाग

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट आधी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ७ तारखेला संध्याकाळी गावभागातल्या आमच्या घराच्या जिन्याची नववी पायरी पाण्यात गेली आणि आम्ही तिथूनच होडीत उतरलो. होडीत किती माणसं होती ते मोजायचं भान कुणालाच नव्हतं. लाईफ जॅकेट एकाच्याही अंगात नव्हतं. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याला मी दोन्ही हातांनी इतकं आवळून धरलं होतं की दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते. एका कोपऱ्यावर विजेच्या तारेला डोकं लागू नये म्हणून सगळे एकाच बाजूला वाकले, होडी कलली आणि पाणी आत आलं. आम्ही सुखरूप पोचलो. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून माणसं बुडाल्याची बातमी आली.

तेव्हापासून मी होडीत बसले नव्हते. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरही काठावर बसून राहिले. माझ्यासारख्या भीतीमुळे ज्यांची समुद्राची सहल दरवर्षी पुढे ढकलली जाते, त्यांना उपयोग होईल म्हणून हे सगळं तारीखवार लिहिते आहे.

हट्ट मुलाचा होता. त्याला डॉल्फिन बघायचे होते आणि माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, समुद्रात गळ टाकायचा होता. अप्पांचं वय ७६. त्यांनी जन्मभर कृष्णेकाठी गळ टाकून मरळ आणि वाम धरले. आता भिलवडी-औदुंबरापासून खाली नदीत मगरी दिसतात, त्यामुळे पाण्याला लागून बसायचं त्यांनी सोडलं. आधीच्या वर्षी आमचा बेत ठरतच होता, तेवढ्यात १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. बऱ्याच प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं असं वाचलं आणि मी बेत मोडला. अप्पा काही बोलले नाहीत. नव्या तंगुसाची, म्हणजे गळाच्या दोरीची, गुंडाळी मात्र त्यांनी देवघराशेजारच्या फडताळात ठेवून दिली आणि ती वर्षभर तिथेच राहिली. येता-जाता मला ती दिसायची.

२०२५ च्या सप्टेंबरात मीच विषय काढला. मालवणकडची प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, बंद असतात. सप्टेंबरात सुरू झाल्या तरी समुद्र लगेच शांत होत नाही. ऑक्टोबरात दिवाळीची सुट्टी मिळते म्हणून २५ ऑक्टोबर, शनिवार, ही तारीख धरली.

८ ऑक्टोबरपासून फोन करायला लागले. ओळखीपाळखीतून मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागकडच्या पाच बोटीवाल्यांचे नंबर मिळाले होते. दिवसा कुणी फोन उचलत नाही, कारण दिवसा ते पाण्यावर असतात. संध्याकाळी सातनंतर केलेत तर निवांत बोलतात. मी वहीत प्रश्न लिहून काढले होते. बोट नोंदलेली आहे का, किती माणसांची परवानगी आहे, तुम्ही प्रत्यक्षात किती बसवता, तेरा वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का, हवा बिघडली तर पैशांचं काय, आणि बोटीवर तुमच्याशिवाय आणखी कोण असतं. पहिल्यानं सांगितलं, ‘ताई, आजपर्यंत आमच्या बोटीतून कुणी पडलं नाही.’ दुसरा म्हणाला की जॅकेट बोटीत ठेवलेली असतात, लागलं तर घालायची. लागलं तर म्हणजे कधी, हे मी विचारल्यावर त्यानं फोन ठेवला. तिसऱ्याचा दर सगळ्यांत कमी होता, पण एका बोटीत चौदा जण.

चौथ्या फोनवर एका नाखव्यानं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं, माझे सगळे प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘ताई, आदी बोट बघा, कागद बघा, मगेच पैसे द्या.’ त्यांनीच मला समजावलं की मासेमारीच्या नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडची असते. पर्यटक बसवायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी परवानगी लागते, आणि त्या परवानगीत माणसांची संख्या ठरलेली असते. ती संख्या आणि नोंदणी क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो. दोन दिवसांनी त्यांनी परवान्याचा, विम्याचा आणि बोटीचा फोटो पाठवला. मी परवान्यावरचा क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी ताडून बघितला. तो जुळल्यावर मगच हजार रुपये आगाऊ पाठवले. ही पडताळणी कुणालाही करता येते, दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझी निम्मी धडधड तिथेच थांबली.

दिवाळीत मात्र अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. भाऊबीज २३ तारखेला होती. ओवाळणी चालू असतानाच नाखव्यांचा फोन आला की बंदरावर धोक्याचा बावटा लागला आहे, मच्छीमारांनाही समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलंय, तुम्ही येऊ नका. मुलगा रडवेला झाला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं याची खंत रात्रभर डाचत राहिली. पैसे परत पाठवतो असं ते म्हणाले, पण मी ‘पुढच्या तारखेला राहू द्या’ म्हटलं. ज्या माणसानं हंगामाच्या ऐन गर्दीत स्वतः फोन करून गिऱ्हाईक परत फिरवलं, त्याच्याच बोटीत बसायचं हे माझं तेव्हा पक्कं झालं.

नवी तारीख त्यांनीच सुचवली, डिसेंबरातला दुसरा आठवडा. कारण विचारलं तर त्यांनी तिथीचा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. नवमीला नवाची पाऊणपट पावणेसात, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी संथ. १३ डिसेंबरला मार्गशीर्ष वद्य नवमी येत होती. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती पूर्ण, खाडीच्या मुखाशी पाणी भरपूर आणि तरीही जोर कमी. अप्पांनी कालनिर्णय काढून स्वतः पडताळलं आणि त्यांना फार आनंद झाला. नदीकाठच्या माणसाला हा हिशोब कधी लागत नाही.

मधल्या दीड महिन्यात मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रोज सकाळी अप्पांबरोबर माई घाटावर जायला लागले. तिथे पोरांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवतात. मी नुसती पायऱ्यांवर बसायचे. पहिल्या आठवड्यात वरच्या पायरीवर बसले, नोव्हेंबरच्या शेवटी पाय पाण्यात सोडून बसले. त्यापुढे गेले नाही. दुसरी गोष्ट, डॉक्टरांकडे जाऊन आले. अप्पांना रक्तदाबाची गोळी आहे आणि मला घाटातसुद्धा मळमळतं. डॉक्टरांनी अप्पांना तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं आणि मला उलटी न होण्याची गोळी बोटीत बसण्याआधी तासभर घ्यायला सांगितली. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. तुम्ही गेलात तर गोळी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण काही गोळ्यांनी झोप येते.

१२ डिसेंबरला, शुक्रवारी, सकाळी सहाला सांगली स्टँडवरून निघालो. मिस्टरांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच. आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता, तो घरी पार पाडूनच निघाले. कोल्हापुरात गाडी बदलली. एसटीत मला अर्धं तिकीट, अप्पांना पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून आधार कार्ड दाखवून मोफत, मुलाला बारा पूर्ण झाल्यामुळे पूर्ण तिकीट. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. घाट उतरल्यावर हवेत दमटपणा आला आणि अप्पांनी अंगातला स्वेटर काढला. कणकवली, कसाल करत मालवणला पोचायला दोन वाजले. तिथून देवबाग दहा-बारा किलोमीटर, रिक्षानं गेलो.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी यांच्या मध्ये वाळूची लांबट पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे पाणी दिसतं. हे मला आधी माहीत नव्हतं. घरगुती निवासाची खोली दिवसाला पंधराशे, पुढे खाडी. रात्री खिडकीतून पाण्याचा आवाज आला आणि मी दचकून उठले. पुराच्या पाण्याचा असाच, भिंतीला चाटल्यासारखा आवाज असायचा. उठून बाहेर आले तर पायरीपासून पाणी चांगलं वीस पावलं लांब होतं. बराच वेळ तिथे उभी राहिले. पाणी थोडं मागे सरकलेलं दिसलं तेव्हा आत येऊन झोपले.

त्याआधी संध्याकाळी नाखव्यांना भेटलो होतो. आदल्या दिवशी बोट बघून ठेवणं ही मी केलेली सगळ्यांत चांगली गोष्ट. फायबरची होडी, मागे इंजीन, वर ताडपत्रीचं छप्पर. क्रमांक फोटोतलाच. त्यांनी मुलाच्या हातात जॅकेट दिलं आणि ते कसं बघायचं ते शिकवलं. फेस दाबून बघायचा, दाबल्यावर परत फुगला पाहिजे. कापड उन्हानं विटून चुरगळत असेल तर ते घ्यायचं नाही. सगळे पट्टे लावायचे, मग दुसऱ्यानं खांद्याजवळ धरून वर ओढायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं होतंय. खिशाला बांधलेली शिटी वाजवून बघायची. मुलाला पहिलं जॅकेट मोठं झालं, दुसरं बरोबर बसलं. मी माझं जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि काठावर उभी असूनही मला रडू आलं. नाखव्यांनी काही विचारलं नाही. ते अप्पांशी गळाच्या आकड्यांबद्दल बोलत राहिले. मग मीच त्यांना पुराचं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, ‘उद्या तुम्ही माझ्या बाजूक बसा. आणि जाकीट घातल्याशिवाय मी इंजीन चालू करूचंय नाय, कोणाचाच.’

शनिवारी पावणेसहाला उठलो. सहाला गोळी घेतली, वर एक चपाती खाल्ली. रिकाम्या पोटीही मळमळतं आणि भरल्या पोटीही, म्हणून एवढंच. काठावर वहीत तिघांची नावं, वय आणि घरचा फोन नंबर लिहून घेतला. वही किनाऱ्यावरच राहते, ती बोटीत नेत नाहीत. कुणी परत आलं नाही तर शोध घ्यायला ती लागते. मी मोबाईलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर घरूनच घालून ठेवले होते. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवला.

सात वाजता निघालो. डिसेंबरात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, समुद्र त्यामुळे तेलासारखा सपाट असतो. अकराच्या पुढे खारा वारा सुरू झाला की लाटा उठतात. म्हणून डॉल्फिनची फेरी सकाळचीच घ्यावी. दुपारची स्वस्त पडते असं कुणी सांगितलं तरी माझ्यासारख्यांनी तिला जाऊ नये.

खाडीत पहिली दहा मिनिटं मी डोळे उघडे ठेवून बसू शकले. खरी परीक्षा मुखाशी होती. जिथे कर्ली समुद्राला मिळते तिथे वाळूचा बांध आहे आणि लाटा त्याच्यावर फुटतात. शंभरेक हातांवर पांढरी रेघ दिसत होती. नाखव्यांनी इंजीन अगदी मंद केलं आणि होडी तिथेच धरून ठेवली. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. ते उभे राहून लाटांकडे बघत होते. ‘वांयच थांबा. तीन मोठ्यो लाटो येतत, त्यो जावंदेत.’ पहिली आली, होडी वर गेली आणि खाली आली. माझा हात आपोआप मुलाच्या दंडाकडे गेला. त्यानं माझा हात धरून फळीवर ठेवला आणि म्हणाला, ‘आई, फळी धर.’ दुसरी आली, तिसरी आली. मग त्यांनी इंजिनाला जोर दिला आणि आम्ही बांध ओलांडून बाहेर पडलो. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. नंतर मी त्यांना विचारलं की लाटा मोजता का. ते म्हणाले की मोजत नाही, बघतो. मोठ्या लाटा एकामागोमाग येतात आणि मग थोडी उसंत मिळते, ती उसंत धरायची.

पुराच्या दिवशीच्या होडीवाल्याचा मला कधी राग आला नाही, आजही येत नाही. तो बिचारा जिवावर उदार होऊन माणसं काढत होता. पण थांबायला, बघायला, मोजायला त्याच्याकडे वेळच नव्हता, आणि इथे या माणसानं तीन लाटांसाठी होडी थांबवली. हा फरक त्या मुखाशी माझ्या अंगाला कळला. तोवर मी पाण्यालाच भीत आले होते.

बाहेर समुद्र खरंच सपाट होता. डावीकडे भोगव्याचा किनारा, पुढे निवतीचा डोंगर. मासेमारी करून परतणाऱ्या एका होडीमागे कुरव पक्ष्यांचा थवा होता. हे पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. सुरय पक्षी पाण्यात सूर मारत होते. नाखव्यांनी एका खडकावर बसलेला समुद्री गरुड दाखवला, पोट पांढरंशुभ्र. अप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

डॉल्फिन पावणेआठच्या सुमाराला दिसले. आधी आवाज आला, कुणीतरी जोरात उसासा टाकावा तसा. ‘थंय बघा, थंय!’ करडी पाठ, तिच्यावर कुबडासारखा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. पाठ वर आली, वळली आणि गेली. मग दुसरी, मग आणखी दोन. आपल्या किनाऱ्याजवळ मुख्यतः हे कुबडाचे डॉल्फिन असतात. ते उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतात, म्हणूनच किनाऱ्यावरून अर्ध्या तासात दिसू शकतात. टीव्हीवरच्यासारख्या उंच उड्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. मुलांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती हिरमुसत नाहीत. माझ्या मुलानं त्यांचा श्वास ऐकला आणि तेवढ्यावर तो खूश होता. डॉल्फिन आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पाण्याखाली तो घेऊ शकत नाही, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. कानांनी ऐकणं वेगळं.

तेवढ्यात दुसऱ्या दोन बोटी आल्या आणि डॉल्फिनांच्या मागे लागल्या. आमच्या नाखव्यांनी इंजीन बंद करून होडी नुसती तरंगत ठेवली. डॉल्फिनाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढंच. त्याच्या वाटेत बोट आडवी घातली की तो श्वास घ्यायलाही वर येईनासा होतो, असं ते म्हणाले. पाचेक मिनिटांनी त्या बोटी निघून गेल्या आणि डॉल्फिन आपण होऊन आमच्या बाजूला आले. त्यातलं एक पिल्लू असावं, आईच्या अगदी कडेनं उठत होतं. तुम्ही गेलात तर बोट ठरवतानाच ‘पाठलाग करायचा नाही, वेळ कमी मिळाला तरी चालेल’ असं स्पष्ट सांगा. नाखव्यांना तेच हवं असतं, पण गिऱ्हाईक ‘अजून जवळ, अजून जवळ’ म्हणत राहतं.

आम्ही तिघांसाठी पूर्ण बोट घेतली होती, चोवीसशे रुपये. माणशी बसलो असतो तर निम्म्यात झालं असतं. पण पूर्ण बोट घेतल्यामुळे थांबणं-निघणं आपल्या हातात राहतं, आणि अशा पहिल्या वेळेला ते पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. साडेनऊला परत काठावर आलो. माझे गुडघे उतरल्यावर थरथरत होते, पण गोळीमुळे मळमळ अजिबात झाली नाही.

दुपारी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला करावा असा विचार होता. किल्ल्याभोवतीच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आणि रंगीत मासे बघायला लोक तिथे पाण्याखाली उतरतात. मी मात्र दमले होते. मनानं दमले होते. मुलाला पुढच्या वेळचा शब्द दिला आणि झोपले.

रविवारची सकाळ अप्पांची होती. साडेसहाला निघालो, भरती साडेसातला पूर्ण व्हायची होती. गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, चढतं पाणी आणि त्याची पलटी हीच चांगली वेळ. आज मुखाबाहेर जायचं नव्हतं, खाडीतच खडकाच्या जवळ नांगर टाकला. दोन हजार रुपयांत अडीच तास, गऱ्या आणि आमिष त्यांचं. रॉड-रीलही होतं, पण अप्पांनी आपलं तंगूस पिशवीतून काढलं. वर्षभर फडताळात ठेवलेलं तेच. नाखव्यांनी त्याला शिसं बांधून दिलं, कारण खाडीत नदीपेक्षा ओढ जास्त, हलकी गरी तळाला जात नाही. आमिष सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं. अप्पा आजवर गांडूळ आणि कणकेच्या गोळीवर मासे धरत आले. त्यांनी सुंगट कसं लावायचं ते तीनदा विचारून घेतलं. त्या दोघांचं बोलणं मला अर्धं कळत होतं, त्यांना एकमेकांचं पूर्ण कळत होतं.

पहिला मासा मुलाच्या गळाला लागला आणि वर येताच फुगून चेंडूसारखा गोल झाला. ‘हो केंड. हात लाव नको रे.’ केंड विषारी असतो, खात नाहीत, आणि त्याचे दात तंगूस कापतात. नाखव्यांनी पकडीनं गरी काढून त्याला सोडून दिलं. मग एक शेंगटी आली. तिच्या परांचे काटे टोचले तर हात सुजतो आणि फार ठणकतं. तीही त्यांनीच पकडीनं सोडवली. लहान मुलं बरोबर असतील तर पहिला नियम हाच, मासा वर आला की हात मागे आणि नाखव्याला हाक.

अप्पांना तासभर काहीच लागलं नाही. ते बोटावर तंगूस ठेवून बसले होते, घाटावर बसायचे तसेच, मान किंचित वाकवून. आठ वाजता त्यांनी एकदम हात खेचला. तांबोशी. लालसर, हातभर नाही पण टीचभर तरी चांगली. ती वर आली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. त्यानंतर एक गोबरा आणि आणखी एक तांबोशी मिळाली. ही दुसरी लहान होती, नाखव्यांनी वीतभर हातानं मापून पाण्यात सोडली. २०२३ पासून राज्य सरकारनं बऱ्याच जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला आहे, त्याखालचा मासा धरायचा नाही. अप्पा म्हणाले, ‘आमच्या नदीत आसं कुणी सोडलं असतं तर आज मासं दिसलं असतं.’

दोन मासे काकूंकडे दिले. निवासवाल्या काकूंनी तांबोशी तळली आणि गोबऱ्याचं कालवण केलं. बरोबर सोलकढी. आपण धरलेले मासे शिजवून देतात का, हे खोली ठरवतानाच विचारा. सगळीकडे देत नाहीत.

सोमवारी परतलो. बोटींचे चव्वेचाळीसशे, तीन रात्री राहण्याचे पंचेचाळीसशे, जेवणखाण चार हजारांच्या आसपास, एसटी आणि रिक्षा धरून अडीच हजार. तिघांचे सगळे मिळून पंधरा हजार चारशे झाले. शनिवार-रविवार टाळून गेलात तर खोली आणखी स्वस्त मिळते. नाताळच्या आठवड्यात मात्र दर वाढतात आणि गर्दीत बोटीवाल्यांना थांबायला उसंत नसते.

आल्यावर एक काम उरलं होतं, ते जानेवारीत केलं. चार लाईफ जॅकेट विकत घेतली, तीन मोठ्यांची आणि एक मुलाच्या मापाचं. दुकानात मी प्रत्येकाचा फेस दाबून बघितला, पट्टे लावले आणि मुलाला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगितलं. दुकानदार बघत राहिला. आमच्या वरच्या मजल्यावर २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून आहे, ती आम्ही रंगात बुजवली नाही. त्या रेघेच्या वर दोन हात अंतरावर अप्पांनी चार खिळे ठोकले. जॅकेट तिथे टांगली आहेत, शिट्या बाहेरच्या बाजूला.